मेथी आधी, डाळिंब मागनं

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की वडील गेले, मोहोळकडं तुमची बहीण-भावांची सव्वादोन एकर शेती पडून आहे, विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी टिकतं, आणि वडिलांच्या नावानं तिथं देहविक्रीच्या धंद्यातून सोडवलेल्या बायकांसाठी काहीतरी करायचंय. डोक्यात प्लॅन म्हणजे दीड एकर डाळिंब, एक पत्र्याची शेड, त्यात 20 शिलाई मशिनी, आणि 25 बायकांची राहायची सोय. काय चुकतंय का सांगा म्हणालात. मी ह्या कामात सोळा वर्षं आहे, ॲग्री डिप्लोमा करून आले, पहिली चार वर्षं शेल्टरमध्ये काढली आणि मग शेतावर, त्यामुळं सरळच सांगते, राग मानू नका. मन चांगलंय तुमचं, पण क्रम सगळा उलटा लावलाय.

राहायच्या सोयीचं आधी डोक्यातनं काढून टाका. पीटा म्हणजे 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, त्यात असं गृह चालवायला सरकारचा परवाना लागतो, कलम 21 बघा. परवाना नसताना बायका ठेवल्या तर उद्या तुमच्यावरच केस. आणि 18 च्या आतली मुलगी असेल तर तो विषयच वेगळा, ती बालकल्याण समितीकडं जाते, तिला शेतावर कामाला लावायचा विचारही नको, "शिकायला येते हो नुसती" असं म्हणूनही नको.

दुसरी गोष्ट बाहेरच्या लोकांना कळत नाही. रेड पडते, बाई सुटते, आणि सुटून जाते कुठं तर कुलूप लावलेल्या गेटात. कलम 17 खाली मॅजिस्ट्रेट तिला 1 ते 3 वर्षं गृहात ठेवायचा आदेश देऊ शकतात. काही जणींना त्याची खरंच गरज असते, जिवाला धोका असतो, पण बऱ्याच जणी सज्ञान असतात आणि त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. सुप्रीम कोर्टानं 19 मे 2022 ला सांगितलं की सज्ञान बायकांना मर्जीविरुद्ध ठेवलंय का याचा राज्यांनी आढावा घ्यावा आणि ज्यांना ठेवलंय त्यांना सोडावं. म्हणून म्हणते, तुमचं शेत ही अशी जागा होऊ द्या जिथं बाई सकाळी स्वतःच्या पायानं येते आणि संध्याकाळी स्वतःच्या पायानं जाते. गेट नसलं तरी चालेल, उलट नसलेलंच बरं.

आता मुख्य मुद्दा. बाई परत त्याच धंद्यात का जाते? लोक म्हणतात सवय लागते, आळस असतो, सोप्या पैशाची चटक. मी शेल्टरमध्ये असताना आमच्या मीटिंगातही हेच बोलायचे, चहा पीत. प्रत्यक्षात काय होतं, तिची आई किंवा बहीण गावाकडं असते, पोरगं त्यांच्याकडं असतं, दर महिन्याला तिच्याकडनं पैसे जायचे. ती सुटली त्या महिन्यापासून पैसे बंद. घरनं फोन येतो, कधी पाठवतीस? कुठनं पाठवत होतीस हे कुणी आधीही विचारलं नव्हतं, आताही विचारत नाही. आणि आपण काय देतो, तर तीन महिन्यांचं ट्रेनिंग आणि शेवटी सर्टिफिकेट. ते सर्टिफिकेट ती पोराच्या फीसाठी कुणाला दाखवणार? त्याच सुमारास जुन्या एजंटचा फोन येतोच, त्यांचं टायमिंग आपल्यापेक्षा चांगलं असतं.

म्हणजे बाई आल्यापासून तिच्या हातात पहिला रुपया किती दिवसांनी पडतो, एवढा एकच हिशोब लावा आणि पीक त्यावरनं निवडा.

डाळिंबाला मी नावं ठेवत नाही, सोलापुरात राहून तशी हिंमतही नाही, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, 2016 ला सोलापूर डाळिंबाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, सांगोल्याकडं लोकांनी बंगले बांधले त्याच्यावर. पण लावल्यापासून पहिला बहार धरायलाच दोन-अडीच वर्षं, त्यात ठिबक, त्यात खड्डे, रोपं, आणि मग तेल्या रोग आला की फळावर डाग पडून माल बाजारात तोंड दाखवायच्या लायकीचा राहत नाही. मर रोग आला तर झाडच गेलं. शिवाय फवारणी एवढी, की ज्या बाईची टीबीची गोळी चालू आहे तिला त्या बागेत उभी करायला माझं मन होत नाही. कर्ज काढून ज्यांनी बागा उपटल्या ते शेतकरी तुमच्याच गावात असतील, विचारा त्यांना. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बांधाकडंला वीस-पंचवीस झाडं लावा हौस म्हणून.

सुरुवात मेथीनं करा. मेथी 25-30 दिवसांत काढणीला येते. पालक तसाच. कोथिंबीर चाळीसेक दिवस, पण धने आधी रगडून दोन फोडी करून टाकायचे, अख्खे टाकले की निम्मे उगवतच नाहीत, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तिचा नाद करू नका, भाव बघून मोह होतो आणि सगळी करपते. पाच गुंठे पुरे. त्याचे छोटे वाफे पाडा आणि दर आठवड्याला दोन-तीनच वाफे पेरा, म्हणजे एकदा सुरू झालं की दर आठवड्याला काढणी. सगळं एकदम पेरलं की एकदम निघतं, बाजारात पाच रुपयाला जुडी कुणी घेत नाही आणि बायका म्हणतात शेतीत काय ठेवलंय.

पण पहिला महिना तरी मेथीही नाही, तेव्हा काय? तेव्हा मजुरी द्यायची, गावात बायांना जो रोज चालतो तोच, एक रुपया कमी नाही, आणि संध्याकाळच्या संध्याकाळी. रोहयोचा दर 2025-26 ला 312 होता, त्याच्या खाली तर जायचंच नाही. "शिकतीय म्हणून निम्मा रोज" असलं नको, शिकताना पण भूक तेवढीच लागते. तुमचा खरा खर्च हा आहे, पहिल्या चार-सहा महिन्यांचा रोज, तो आधी बँकेत बाजूला काढून ठेवा आणि मग शेडचे पत्रे किती लागतात ते बघा.

एक गोष्ट सांगते. आमच्याकडं एक बाई होती, तिचं गाव-नाव काही सांगत नाही. तिनं पहिल्यांदा स्वतः पेरलेल्या वाफ्यातली मेथी काढली, साठ जुड्या, सुतळीनं बांधल्या, मुळांची माती हौदात धुतली, आणि एका कॉलनीच्या तोंडाशी पोतं अंथरून बसली. दहा रुपयाला एक. दोन तासांत संपली, एका म्हातारीनं घासाघीस करून तीन जुड्या पंचवीसला नेल्या तेवढं सोडलं तर. मी रिक्षाच्या दांडीला टेकून उभी. तिनं पैसे मोजले, परत मोजले, नोटा वेगळ्या चिल्लर वेगळी केली आणि मला विचारलं, "ताई, ह्यातलं कुणाला किती द्यायचं?" मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, नऊ वर्षं अर्धे घरवालीचे म्हणजे कुंटणखाना चालवणारीचे, त्यातनं खोलीभाडं, त्यातनं जेवण, असा हिशोब होता तिचा. मी म्हणलं कुणाला नाही. ती म्हणाली बियाण्याचे तरी घ्या. घेतले मी बियाण्याचे, चाळीस रुपये, पावती दिली. ती पावती तिनं किती दिवस ब्लाऊजमधल्या पाकिटात ठेवली होती.

पैशावरनंच आमची सगळ्यात मोठी चूक सांगते, ती तुम्ही करणारच नाहीतर. दुसऱ्या वर्षी एकीनं पोराच्या दवाखान्यासाठी पाच हजार मागितले, आम्ही दिले, रोजातनं थोडे थोडे कापू म्हणलं. मग दुसरीनं मागितले. मग सगळ्यांनाच. चार महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की बायका सुट्टी मागायच्या बंद झाल्यात. ताप असताना पण यायलेत. एकीला विचारलं तर म्हणाली, "फिटंपर्यंत कसं बसायचं घरी?" म्हणजे बघा, आम्ही उचल दिली होती. आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला मुकादम देतो तीच उचल, कुटुंबच्या कुटुंबं ज्याच्यात अडकतात तीच, आणि आमच्या दारात ती आम्हीच वाटत होतो, चांगल्या मनानं. त्या महिन्यात सगळ्यांची बाकी माफ केली आणि तेव्हापासून नियम केला, आम्ही कुणाला पैसे उसने देत नाही. गरज लागली तर बचत गट. तो उमेद म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातनं करा, माविम म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळातनं करा, पण त्यात आपलं कुणी अध्यक्ष-सचिव नको, चेकवर सही नको. गटाचं कर्ज आणि रोज यांचा एकमेकाशी संबंध येता कामा नये.

विहिरीला जानेवारीपर्यंत पाणी म्हणजे रब्बी ज्वारीला प्रश्नच नाही, ती तर नुसत्या जमिनीतल्या ओलीवर येते. एक-सव्वा एकर मालदांडी टाका सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, ओल बघून. बी-बियाणं, लागवड याचं मोहोळच्या कृषी विज्ञान केंद्रात नीट सांगतात, फुकट सांगतात. कोपऱ्यात चार ओळी गूळभेंडी लावा हुरड्याला. तुम्हाला कुणीतरी हुरडा पार्टीचं सुचवेलच, शहरातली माणसं गाड्या घेऊन येतात, पैसा चांगला मिळतो. नको. अनोळखी पुरुषांची वर्दळ, मोबाईलचे कॅमेरे आणि ह्या बायका, तिन्ही एकत्र नको. हुरडा पाकिटात भरून विका.

ज्वारी विकूच नका खरं तर, त्याची कडक भाकरी करा. शिलाईपेक्षा मला हे शंभर पटीनं पटतं. तुमच्या 20 मशिनींचं होतं काय, की साध्या पायमशीनवर तीन महिने शिकलेली बाई सोलापुरातल्या युनिफॉर्मच्या कारखान्यात गेली की तिथं जुकी म्हणजे कारखान्यातलं विजेवरचं मशीन असतं, पाय ठेवला की सुसाट पळतं, बाई घाबरते, वर पीसवर पैसे, पहिल्या आठवड्यात हातात काहीच येत नाही आणि ती सोडून देते. शिवण शिकवायचंच असेल तर दोनच मशिनी घ्या, पण जुकी घ्या, आणि शिकवायला कारखान्यातलीच बाई आणा. नाहीतर एखाद्या कारखानदाराशी बोलून तिथंच पहिला महिना रोजानं बसवा, फरक तुम्ही भरा, ट्रेनिंग सेंटर काढण्यापेक्षा स्वस्त पडतं.

भाकरीचं तसं नाही. आपल्याकडच्या, विजापूर-कलबुर्गीकडच्या बाईला भाकरी हाताला येतेच. फक्त कडक भाकरीला ती पातळ थापता आली पाहिजे, आणि भाजून झाल्यावर मंद आचेवर ठेवून ओल पूर्ण जाईपर्यंत कळ काढता आली पाहिजे, ओल राहिली की पाकिटात बुरशी. बंगालकडच्या बायकांना भाकरी येत नाही, त्यांचे हात शेंगाचटणीला लावा, शेंगदाणे भाजणं, सालं पाखडणं, लसूण सोलणं, आणि कुटायची मात्र उखळातच, मिक्सरला तेल तसं सुटत नाही आणि सोलापूरचा माणूस एका बोटावर ओळखतो. एफएसएसएआयचं म्हणजे खाद्यपदार्थ विकायचं सरकारी रजिस्ट्रेशन काढायला फार अवघड नाही. पाकिटावर गावाचं नाव टाका, वडिलांचं टाका, पण "पीडित महिलांनी बनवलेली" असलं काही छापलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही. चटणी चांगली असेल तर लोक घेतील. दया येऊन घेतलेलं पाकीट दुसऱ्यांदा कुणी घेत नाही.

कडबा राहील त्यावर शेळ्या. उस्मानाबादीच घ्या, आपल्या हवेला टिकते, पाच महिन्यांत विते, बऱ्याचदा जुळी देते. इथं एक गोष्ट फार महत्त्वाची. जमीन तुमची आहे, सातबारा तुमचा आहे, आणि तो तसाच राहणार. शेतकरी नसलेल्या माणसाला आपल्या राज्यात शेतजमीन विकत घेता येत नाही, ट्रस्टच्या नावावर करायची तरी परवानग्यांचा व्याप, आणि सातबारा नाही म्हणजे बाई कितीही राबली तरी कागदावर शेतकरी नाही, पीक कर्ज नाही, पीएम किसानचे सहा हजार नाहीत. हे मी बदलू शकलेले नाही. म्हणून प्रत्येकीला दोन शेळ्या तिच्या मालकीच्या द्यायच्या, कागदावर लिहून द्यायच्या. ती इथनं जाईल तेव्हा शेत मागं राहणार, पण शेळी तिच्याबरोबर चालत जाते. टेम्पोत दोन शेळ्या आणि एक करडू घालून भावाच्या घरी गेलेली बाई मी पाहिलीय, त्या घरात तिला शेळ्यांमुळं जागा मिळाली, बहीण म्हणून मिळाली नसती कदाचित. पावसाळ्याच्या आधी पीपीआर आणि आंत्रविषार ह्या शेळ्यांच्या रोगांची लस मात्र चुकवू नका, आमचा निम्मा कळप एका जूनमध्ये गेलाय.

वेळेचं पण सांगायला हवं. शेतकरी म्हणणार, भाजीचा लिलाव पहाटे असतो, पहाटे चारला उठा. ह्यातल्या कित्येक जणी वर्षानुवर्षं रात्रभर जाग्या आणि दिवसा झोपलेल्या असतात, त्यांची झोप जागेवर यायला महिने लागतात, काही जणींना अंधारात बाहेर पडायचंच नसतं. पहिल्या वर्षी आम्ही हजेरी लावून सकाळी सहाला उभं केलं, रोज कुणीतरी चक्कर येऊन पडायची, मी त्याला आळशीपणा समजले. आता काढणी संध्याकाळी उन्हं उतरल्यावर, जुड्या ओल्या पोत्याखाली, आणि सकाळी आठला कॉलनीत विक्री. लिलावात मिळालं असतं त्यापेक्षा जास्तच मिळतं. कोर्टाची तारीख असेल त्या दिवसाचा रोज द्यायचा, एआरटी सेंटरला म्हणजे एचआयव्हीच्या औषधांसाठी जायच्या दिवसाचाही द्यायचा, कशाला गेली ते हजेरी बुकात लिहायचं नाही.

कागदपत्रं हा माझा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग आहे आणि ह्यात तुम्ही खरी मदत करू शकता, कारण तुम्हाला ऑफिसात खुर्ची देतात, आम्हाला उभं करतात. आधार नसेल तर सुप्रीम कोर्टाच्या 2022 च्या त्याच आदेशात सोय आहे, राज्याच्या एड्स नियंत्रण सोसायटीच्या प्रमाणपत्रावर राहण्याच्या पुराव्याशिवाय आधार निघतं, आणि त्यावर ती काय करत होती हे उमटत नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार मिळतात, पण ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार नंबर मागितला. ज्या बापानं विकलं त्याला फोन करून नंबर माग असं मी त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगू? संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत वेश्या व्यवसायातून मुक्त केलेल्या महिला असा प्रकार आहे, पण तहसीलला तो प्रकार लिहिला की संध्याकाळपर्यंत गावात कळतं, म्हणून ती विधवा किंवा घटस्फोटित अशा दुसऱ्या प्रकारात खरोखर बसत असेल तर त्यातनं अर्ज करा. आणि एक गोष्ट वकिलांनाही पटकन आठवत नाही, कुंटणखान्यातून सुटलेली बाई वेठबिगार पुनर्वसनाच्या 2016 च्या योजनेत बसू शकते. प्रांताधिकाऱ्यांकडनं मुक्तता प्रमाणपत्र मिळवलं तर रक्कम 3 लाखांपर्यंत आहे, मोठा भाग केस सिद्ध होण्यावर अडकतो हे खरं, पण तातडीचे 30 हजारपर्यंत त्याच्या आधी मिळू शकतात. आमचा एक अर्ज मंजूर व्हायला दीड वर्ष लागलं, तरी करा.

गावात काय सांगायचं हे आधी ठरवून ठेवा. आम्हाला शेजारच्या वस्तीवरची आजी पहिल्याच आठवड्यात बांधावर येऊन विचारून गेली, "ह्या बायका कुठनं आणलाव?" आम्ही सांगितलं कामाच्या बायका आहेत, भाजी लावायला. खरंच आहे ते. बोर्ड लावायचा असला तर "भाजीपाला व खाद्यपदार्थ केंद्र", बास. आमच्याकडं एकदा एका देणगीदार मंडळींनी साड्या वाटल्या, फोटो काढले, नको म्हणत असताना काढले, आणि ते कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरले. दुसऱ्या दिवशी दोघी आल्या नाहीत. त्या कुठं गेल्या मला आजपर्यंत माहीत नाही. तेव्हापासून कितीही मोठी देणगी असू दे, पाहुणा शेतावर येणार असेल तर बायकांना आदल्या दिवशी सांगायचं आणि ज्यांना यायचं नाही त्यांना त्या दिवसाचा रोज घरी.

25 चा आकडा पण सोडा. पाच जणींनी सुरू करा, त्याही शेल्टरमधनं आदेश संपवून बाहेर पडलेल्या, मोहोळमध्ये नाहीतर सोलापुरात स्वतः खोली घेऊन राहणाऱ्या. त्यांची नावं महिला व बालविकासच्या जिल्हा कार्यालयातनं, त्यांच्या आणि बायकांच्या दोघांच्या संमतीनं येतील, मी बोलते तिथं. तुमच्या बहिणीला विचारा आठवड्यातनं तीन दिवस येता येईल का, संध्याकाळी पैसे वाटताना तिथं एखादी बाईमाणूस हवी.

पुढच्या रविवारी मी मोहोळला येते. तोवर विहिरीत दोरी सोडून पाणी किती पुरुष आहे ते मोजून ठेवा, आणि पाच गुंठ्यांपुरतं मेथीचं बी आणून ठेवा, महागातलं नको, बाजारातली साधी गावरान मेथी चालते.